गाडीला लागलेली नजर

अहो,

मोटार दारात नाही म्हणून ओरडू नका. चुनीलाल भाऊजींना चालवायला घेऊन मी रनाळ्याला, लेकीच्या सासरी चालले आहे. पहिलटकरीण लेक बैलगाडीचे धक्के खात माहेरी येणार नाही. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं तर चहा पाजून वाटेला लावा; मोटार विकायची नाही.

ती मधेच का बंद पडते ते मला कळलं. दर वेळी तुम्ही आधी तिला शिव्या घालता, मग पेट्रोल बघायला टाकीचं झाकण उघडता, की ती चालू! श्रेय मात्र शिव्यांना. घासलेटच्या डब्याला दुसरं भोक पाडल्याशिवाय तेल धड ओतत नाही ना? तसंच झाकणालाही हवेसाठी बारीक भोक आहे. दसऱ्याला सासूबाईंनी त्यावर तेलातला शेंदूर थापला, ते बुजलं. तेव्हापासून "गाडीले नजर लागनी" म्हणत त्या दर मंगळवारी नवा थर चढवतात. आज मी केसांतल्या आकड्यानं भोक मोकळं केलं. प्रकाशा गावच्या घाटापर्यंत जाऊन आलो, एकदाही थांबली नाही.

सासूबाईंना यातलं बोलू नका. नजर तुमच्याच हातानं उतरली, आता शेंदूर पुढच्या दिव्याला लावा, एवढंच सांगा. भाकरतुकडा घेऊन त्या दारात येतील, तेव्हा आधी लेकीवरून ओवाळतात की मोटारीवरून, ते मला बघायचं आहे.

तापी