राहिलेलं व्हय

॥ श्री वाघजाई प्रसन्न ॥

रत्नागिरी
रविवार, २२ मार्च २०२६

सौ. राजश्रीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. 'तुम्ही सगळी सुखरूप असाल' असं पुढे लिहायची रीत आहे, पण तुमच्याकडे काय चाललंय ते सागरकडून कळलं आहे. तेव्हा ती ओळ आज सोडतो.

परवा शुक्रवारी सकाळी मी पूजा अर्धी टाकून उठलो. असं माझ्या हातून कधी होत नाही, तुला माहीत आहे. देव ताम्हनात होते, गंध उगाळून झालं होतं, आणि मी ओल्या पंच्यानिशीच कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलो. कानांना हेडफोन लावला. तुझी वहिनी दारातून म्हणाली, "अहो, देव गारठतील." मी हातानेच तिला थांब म्हटलं.

मला शिमग्याची मूळ चित्रफीत ऐकायची होती. साफ न केलेली.

फोन तू माझ्यापुरता बंद करून ठेवला आहेस, म्हणून हा कागद. रागावून लिहीत नाही. माझ्या हातून काय झालं ते सांगायला लिहितोय, आणि ते नीट क्रमाने सांगितलं नाही तर मीच मध्ये कुठेतरी पळवाट काढीन.

यंदा होळीनंतर पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली आणि मानकरी आप्पांनी गाऱ्हाणं घातलं. आप्पा आता फार थकले. उभं राहायला दोघांचा आधार लागतो, पण गाऱ्हाणं दुसऱ्या कुणाला घालू देत नाहीत. एकेकाचं नाव घेतात, नारळ कशासाठी ठेवला ते देवीला सांगतात, आणि दर नावामागे सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. तू नि मी लहानपणी त्या व्हयसाठीच पुढे घुसायचो. तुझा आवाज मोठा होता, माझा फुटायचा. सुंदराबाई म्हणायची, "पोरांनू, देवी बहिरी नाय झाली अजून."

ज्या चाकरमान्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी मी ते मोबाइलवर घेतलं. आप्पांच्या अगदी पुढ्यात उभा होतो. पण घरी येऊन लावलं तर आप्पा काय बोलतात ते कळेना. मागे लाइटचा जनरेटर, वाडीत ढोल, पोरांच्या पिपाण्या, बायकांचं बोलणं.

हे साफ कसं करायचं ते मला येतं. शाळा मोबाइलवर भरत होती त्या वर्षी मास्तरांच्या पाठांमधला पंख्याचा आवाज मीच काढायचो. शाळेत लिपिक मी एकटा, कुणीतरी शिकायलाच हवं होतं. कॉम्प्युटरला आधी नको असलेल्या आवाजाचा एक तुकडा ऐकवायचा. त्याला सांगायचं, हा कचरा. मग जिथे जिथे तसा आवाज सापडेल तिथून तो काढून टाकतो. किती काढायचा त्याचं एक बटण असतं, ते सरकवायचं.

मी आप्पा बोलायला लागायच्या आधीचा तुकडा दिला. त्यात जनरेटर होता आणि गावाची गजबज होती. बटण पार शेवटाला नेलं. कारण आप्पांचा आवाज इतका स्वच्छ येत गेला की मला मोह आवरेना. जणू म्हातारा माझ्या माजघरात बसून देवीशी बोलतोय. तशीच गावच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकली आणि तुलाही पाठवली.

मुंबईहून दीपकचा पहिला निरोप आला. "जानूदादा, सगळा गाव झोपलेला काय? तुम्ही एकटेच व्हय म्हणताय!" पाठोपाठ हसणाऱ्यांची रांग. तेव्हा माझ्या लक्षात आलं. कॉम्प्युटरने जनरेटरबरोबर गावही काढून टाकला होता. माणसांचा मिळून येणारा आवाज त्याला कचराच वाटला, मीच तसं सांगितलं होतं ना. उरला तो मोबाइलच्या सर्वांत जवळचा. मोबाइल धरला होता मी.

मलाही हसू आलं होतं, राजी. मग संध्याकाळी तुझा निरोप आला.

"सगळ्यांना व्हय म्हणालास, दादा. ह्यांचं नाव आलं तेव्हाच घसा बसला?"

त्यानंतर तू फोन बंद केलास.

मी सगळ्यांना सांगत सुटलो की सॉफ्टवेअरने घोळ केला. शाळेत सांगितलं, ग्रुपवर लिहिलं, तुझ्या वहिनीला तर तीनदा सांगितलं. वाडीतला सागर तुमच्या लोट्याहून सुट्टीला आला तेव्हा त्यालाही बजावलं, की ताईला सांग, गावाचा आवाज गेला तसाच त्या ठिकाणी माझाही गेला असणार. शिमग्याचा नारळ-विडा तूच त्याच्या हाती पाठवला होतास, त्यामुळे तो तुझ्याकडे जाणार हे माहीत होतं. तो म्हणाला, "भाऊजींचं सोमवारी ऑपरेशन आहे रत्नागिरीला. मी ताईला हे मशीनचं सांगत नाय बसणार. तुमचं तुम्ही सांगा."

म्हणून शुक्रवारची ती सकाळ. मूळ चित्रफितीतून तुमच्या नारळापुरता तुकडा काढायचा आणि तुला पाठवायचा, की बघ, सगळं आहे त्यात.

लावली. आप्पांचा आवाज आला, "बा वाघजाई माते, लोट्यास असलेली तुझी लेक राजश्री, तिनं नारळ ठेवलान. तिच्या मालकाच्या काळजाचा उपचार हाय. प्रमोदाची राखण कर, आणि त्याला चालत घरी आण."

आणि सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

इतकं स्वच्छ व्हय अख्ख्या चित्रफितीत दुसरं नाही. मागे बायका आहेत, मुंबईची पोरं आहेत, गोदूबाईचा चिरका आवाज वेगळा कळतो. मी ते पुन्हा लावलं. दुसऱ्या नावांची व्हय लावून पाहिली. तिथे गाव ऐकूच येत नाही, कारण माझा आवाज त्यांच्यावर बसलेला आहे, फुटका, कानाशी ओरडल्यासारखा. तुमच्या नावाला तो नाही. म्हणून गाव मोकळा ऐकू आला.

सॉफ्टवेअरने काही घोळ केला नव्हता. तू बरोबर ऐकलं होतंस.

तिथेच थांबलो असतो तर बरं. पण मी काय केलं ते ऐक. बाबल्याच्या म्हशीच्या नारळाला मी म्हटलेलं व्हय कापून घेतलं आणि प्रमोदरावांच्या नावामागे चिकटवलं. छान बसलं. कुठे सांधा दिसेना. तुझ्या वहिनीला ऐकवलं. ती म्हणाली, "पाठवा. तिच्या जीवाला बरं वाटेल. कुणाला कळतंय?"

मी म्हटलं, "कुणालाच नाही."

ती म्हणाली, "मग बसलात कशाला? देव ताम्हनात आहेत अजून."

पूजा पुरी केली. पण फूल वाहताना वाघजाईच्या टाकाकडे बघवेना. म्हशीसाठी दिलेला शब्द मी बहिणीच्या नवऱ्याला लावत होतो, आणि तोही देवीसमोर बोललेल्या गाऱ्हाण्यात. ती फीत पुसून टाकली.

आता जे लिहायचं टाळत होतो ते.

त्या दिवशी सहाणेवर मी ठरवून गप्प बसलो नव्हतो. आप्पांनी प्रमोदरावांचं नाव घेतलं आणि माझ्या डोळ्यांसमोर आईची चिता आली. मी न पाहिलेली. चिपळूण बुडालं त्या जुलैत आई तुझ्या घरी वारली, आणि रस्ता बंद म्हणून मी अलीकडेच अडकून पडलो. दोन दिवसांनी पोचलो तेव्हा राख पण भिजलेली होती. अग्नी प्रमोदरावांनी दिला होता. मुलगा जिवंत असताना जावयाने. मी तेव्हा तुझ्या दारात एकच वाक्य बोललो आणि परत फिरलो, ते तुला आठवत असेल. मला रोज आठवतं. ते इथे पुन्हा लिहीत नाही.

तेव्हापासून रोजच्या पूजेत मी सगळ्यांचं नाव घेतो. तुझं घेतो, तुझ्या लेकीचं, सानवीचं घेतो. त्यांचं घेत नाही. ही गोष्ट फक्त देवाला माहीत होती. आता कॉम्प्युटरने तुलाही सांगितली.

काल सकाळी आप्पांकडे गेलो. ओटीवर ऊन खात बसले होते. मी नारळ पुढे ठेवला आणि म्हटलं, आप्पा, प्रमोदरावांचं गाऱ्हाणं पुन्हा घाला, माझं व्हय राहिलंय.

आप्पांनी नारळ हातात घेतला, हलवून पाणी आहे का बघितलं, आणि परत माझ्या पुढ्यात सरकवला. "देवीनं तवाच आयकलान. ती काय तुज्या एकट्यासाठी थांबलीय?"

"पण माझं राहिलं, आप्पा."

"ऱ्हायला तो देवीचा नाय. बयनीचा. हितं माज्याकडं कशाला आणलास? जा, जिचा हाय तिला दे."

मग मला बसवून त्यांनी एक विचारलं, जे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. "त्या पावसात सुकी लाकडं कुठनं मिळवली रे जावयानं?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. आप्पांना सागरच्या बापाने सांगितलं होतं. प्रमोदरावांनी स्वतःच्या घराच्या पडवीचे वासे उतरवले, दारं काढली. कंबरभर पाण्यातून दोघा-तिघांनी ती डोक्यावरून नेली. दीड दिवस माझी वाट बघितली, आणि मगच. राजी, त्या दिवशी तुझ्या दारात उभा होतो तेव्हा तुझ्या पडवीला छप्पर नव्हतं. मी ते पाहिलं होतं. मला वाटलं, वाऱ्याने गेलं.

हे तू मला कधी बोलली नाहीस. ते बोलले नाहीत. मी बोलायला जागाच ठेवली नव्हती म्हणा.

ओटीवरून उठलो तेव्हा आप्पा म्हणाले, "नारळ घेऊन जा घरी. बायकोला सोलकढी करायला सांग." असे आहेत ते.

काल संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर मूळ चित्रफीत टाकली, जनरेटर आणि पिपाण्यांसकट. खाली लिहिलं: 'आधीच्या फितीत गावाचा आवाज गेला तो माझ्या हातून. पण माझे मेहुणे प्रमोद यांच्या नावाला माझं व्हय ऐकू येत नाही ते सॉफ्टवेअरमुळे नव्हे. मी म्हटलंच नव्हतं. आधी मी खोटं सांगितलं. त्यांचं सोमवारी ऑपरेशन आहे, सगळ्यांनी देवीचं स्मरण करावं.' आधी दीपकने लिहिलं, 'व्हय म्हाराजा.' त्याखाली भिकाजीने, त्याखाली स्वप्नाने, मग नावं वाचता येईनात इतकी. तुला त्या ग्रुपमध्ये कुणी घेतलेलं नाही, म्हणून सांगितलं. आता घेतील.

हे पत्र मी घरी लिहिलेलं नाही. वर रत्नागिरी लिहिलंय ते बघितलंस का? आज पहिल्या एसटीने आलो. तुमच्या दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर, औषधाच्या खिडकीसमोर बाक आहे, तिथे बसून लिहितोय. वर यायचं तर पास लागतो म्हणाले, आणि एका पेशंटला एकच पास. तो तुझ्याकडे असणार. पण खरं सांगायचं तर पास असता तरी हे लिहिल्याशिवाय मला जिना चढवला नसता.

मघाशी सानवी खाली आली होती, हातात थर्मास होता. किती उंच झाली गं. माझ्यासमोरून गेली, ओळखलं नाही. हाक मारणार होतो, पण आधी तुझी परवानगी हवी असं वाटलं.

उद्याची काळजी करू नकोस. शाळेत आठवड्याची रजा टाकून आलोय. रात्री पेशंटजवळ पुरुष माणूस लागतो असं सागर म्हणत होता, आणि तू किती रात्री जागशील. अंथरूण आणलंय, वहिनीने भाकऱ्या बांधून दिल्यात. वर बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी हा बाक मी सोडत नाही. पहारेकऱ्याला विचारून ठेवलंय, इथे झोपलं तर चालतं.

प्रमोदरावांना जाग असेल तर हे पत्र त्यांना वाचून दाखव. त्यांच्यापासून लपवायचं त्यात काही उरलेलं नाही. आणि सांग, की आज सकाळी एसटीची वाट बघत उभा होतो, तिथे देवीचं नाव घेतलं आणि मागोमाग त्यांचं घेतलं. पहिल्यांदा. मोठ्याने म्हटलं. शेजारी उभी असलेली बाई बाजूला सरकली.

पत्र वॉर्डातल्या मावशींच्या हाती देतोय.

तुमच्या दोघांचा,
खाली बसलेला
दादा