तिकडे चंद्र मागून उगवते

अहो,

तुमी गेल्यावर तुमाले कधी चिठ्ठी लिहिली नाही. लिहून धाडू कुठं? पण आज जीव थाऱ्यावर नाही. आपल्या वसंताले भिलाईच्या पोलाद कारखान्यातून भट्टीचं काम शिकाले रशियाले धाडून राहिले, वर्षभरासाठी! जायचं की नाही ते उद्या सकाळी ऑफिसात सांगायचं आहे, अन् त्यानं ते माझ्यावर टाकलं. "आई, तू हो म्हणशील तर जातो, नाही म्हणशील तर राहतो." झालं! पोट्टा मोकळा झाला. मी कोणाले विचारू?

त्यातून आज संकष्टी. चंद्राची वाट पाहत ओट्यावर बसली, अन् लिहून राहिली.

खरं सांगू? हे सगळं तुमचंच करणं आहे. गाडीवर गार्डाची ड्युटी करून चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरात आले की हातपाय धुवायच्या आधी तुमचं कोडं तयार. "सांगा बरं, जगात कोणत्या जागी उभं राहिलं की उद्याचा दिवस डोळ्यानं दिसते?" मग तुमीच सांगा, की रशियाचं एक बेट अन् अमेरिकेचं एक बेट समोरासमोर आहे, मधात थोडंसं पाणी. इकडे सोमवार, तर तिकडे अजून रविवारच! वसंताचा घास हातातच राहे. मी ओरडू, "आधी जेवा बाप्पा, मग सोमवार-रविवार करा!" भाजी थंडी होऊन जाये.

अन् आठवते, आपल्या राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळले गेली तेव्हा? "पाहा, आपण जागचे हललो नाही अन् राज्य बदललं!" म्हणून तुमी टाळी वाजवली. माझं भंडाऱ्याचं माहेर बसल्या जागी परराज्यात गेलं हो! तुमी हसले, मी रडली. तुमाले भूगोलात मजाच दिसे, मले त्यात माणसं दुरावताना दिसे.

आता तेच सगळं रात्रंदिवस डोक्यात फिरून राहिलं. तिकडे नदी गोठते अन् तिच्यावरून गाड्या जाते म्हणे. बर्फ फुटला तर? उन्हाळ्यात काही गावात धड अंधारच होत नाही म्हणे. मग पोट्टा झोपीन केव्हा? अन् चंद्रच नाही दिसला तर माझ्या उपासाचं काय? वसंता झाला तेव्हापासून त्याच्यासाठी संकष्टी धरली, एक चुकवली नाही. तो एका चंद्राखाली, मी दुसऱ्या. पोचीन का तो उपास त्याच्यापर्यंत?

परवा सिविक सेंटरच्या बाजारात कारखान्यातल्या एका रशियन इंजिनेराची बायको टरबूज ठोकून पाहत होती. मले राहवलं नाही. सरळ विचारलं, "बाई, आपके मुलुक में चाँद निकलता है ना?"

ती आधी गोंधळली, मग हसली. "निकलता, निकलता! यही चाँद." मग टरबूज खाली ठेवून म्हणते कशी, "मेरा माँ पूछती, भिलाई में घर में शेर आता? मैं बोलती, नहीं माँ. माँ रोती."

अगा माय! तिच्या आईले आपल्या भिलाईचं भेव! इथं कुत्रं अंगावर आलं तरी गल्ली गोळा होते, अन् म्हणे शेर! मले हसू आलं, अन् मग डोळेच भरले. मी तिचा हात धरला, "माँ को बोलो, इधर मैं हूँ." तिनं तोच हात गच्च दाबला.

तरी घरी येईपर्यंत माझी धाकधूक पुन्हा सुरू झालीच. जायचं नाव नाही घेत ती.

चिमणीच्या दिव्यासमोर कांदा फिरवून तुमी आमाले दाखवे, "हे भिलाई, हे पश्चिमेकडे रशियाचे कारखाने. आपल्याकडे उजेड आधी, तिकडे मागून. चंद्राचंही तसंच." फोडणीचा कांदा घेतला म्हणून मी किती बोलली होती तुमाले! आज दिवा लावल्यावर मीच कांदा घेऊन बसली. फिरवला. दोनतीनदा फिरवला. बरोबर होतं तुमचं. आपला चंद्र वर आल्यावर तिकडचा दोन-तीन तासांनी निघीन.

हे लिहीत होती तेवढ्यात वसंतानं अंगणातून आवाज दिला, "आई, निघाला चंद्र! चाल, उपास सोड."

मी म्हटलं, "तू जेवून घे बापू. मी थांबतो. तिकडे अजून निघाला नाही."

पोट्टा दारातच उभा राहिला. त्याले समजलं, आईनं हो म्हटलं. तोंड फिरवून हात धुवाले गेला.

तर आता ऐका. तो परत येईपर्यंत दर संकष्टीले मी त्याच्या चंद्रानं उपास सोडीन, आपल्या नाही. पोटात कितीही कावळे ओरडो. हा माझा शब्द आहे तुमाले.

पण तुमी आहा तिथं चंद्र केव्हा निघते हो? जगभराचं सांगतलं, अन् तेवढं सांगाचं राहून गेलं.

तुमची,
वसंताची आई