तळेघरला सरकवलेलं ताट

निरगुडसर,
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

भरत यास नमस्कार,

आई म्हणाली आधी नमस्कार लिही, म्हणून लिहिला. इकडं सगळी खुशाल आहेत. कांद्याची लागण निम्मी झाली. ओढ्याकडच्या उसात परत बिबट्या दिसला, त्यामुळं रात्रीचं पाणी धरायला कुणी जात नाही. मावशीचे गुडघे कसे आहेत ते आईला फोन करून सांग. मला सांगू नको.

झाली खुशाली. आता कामाचं.

तू मला सगळीकडनं ब्लॉक केलंयस, म्हणून कागद घेऊन बसलोय. कॉलेज सोडल्यापासून पेन हातात धरलं नव्हतं, बोटं दुखायला लागली. उद्या दुधाच्या टेम्पोवरचा सावळाराम हे पत्र मंचरला तुझ्या जिमवर आणून देईल. फाडायचं तर खुशाल फाड, पण वाचून फाड.

माझं वाटोळं तू केलंस. हे मी सोमवारी तुझ्या जिममध्ये सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं, आता शाईनं लिहून देतो.

एप्रिलमध्ये तुझ्याकडं आलो तेव्हा मी अठ्ठ्याण्णव किलोचा होतो. तू मला आरशापुढं उभा केलास, पोटाची वळी चिमटीत धरलीस आणि पोरांना म्हणालास, "ही मावशीची माया. ही उतरवायची." पोरं हसली. तू मावसभाऊ, चार वर्षांनी मोठा, म्हणून मी पण हसलो. दुसरा कुणी असता तर त्याचे दात मोजले असते. मग तू तो कागद दिलास. भात बंद. साखर बंद. सकाळी पाच अंड्यांचा नुसता पांढरा भाग. दुपारी एक भाकरी, मोडाची मटकी, काकडी. संध्याकाळी दीडशे ग्रॅम चिकन, तेही पाण्यात शिजवलेलं. वर तो मोबाइलएवढा काटा हातात दिलास. "मोजून खा. अंदाजानं खाणारा अंदाजानंच फुगतो."

सात महिने मी मोजून खाल्लं. पोळ्याला आईनं पुरणपोळ्या केल्या, मी शेजारी काकडी चावत बसलो. आई ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून जेवली. आबा म्हणाले, "गोठ्यात बांधा याला, घास तरी खाईल." डेअरीवर तर रोजचा तमाशा. तो सोपान, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "का रं सूरज, शुगर निघाली का?" मागनं कुणीतरी म्हणालं, "शुगर कसली, पोरीनं सोडला आसंल." त्यावर सोपान, "सोडायला आधी धरायला नको का पोरीनं?" मी कॅन खाली ठेवला आणि त्याची कॉलर धरली. दोन माणसांनी ओढला मला. पण खरं सांगू, त्याही वेळी मनात आलं की एप्रिलमध्ये मला ओढायला चार माणसं लागली असती.

सत्त्याहत्तर किलो. एकवीस किलो उतरवले. जुन्या पँटी आईनं गोधडीला दिल्या. लेण्याद्रीच्या पायऱ्या मी न थांबता चढलो, वर जाऊन परत खाली आलो आणि पुन्हा चढलो, तोवर एक बाई पहिल्याच चढणीला ताकाचा ग्लास धरून बसली होती. एवढं तुझ्या कागदानं केलं, नाही कोण म्हणतो. पण कशासाठी केलं मी? तुझ्या भिंतीवर माझा आधीचा आणि नंतरचा फोटो लागावा म्हणून?

जयाचं तुला अर्धंच माहीत आहे.

आम्ही घोडेगावला एका वर्गात होतो. ती तळेघरची, होस्टेलवर राहायची. एसटीनं उतरली की पिशवीत नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा असायचा, त्यातली अर्धी माझी. गॅदरिंगच्या दिवशी मी स्टेजवर सामान लावत होतो आणि माइकवर होता तो पोरगा म्हणाला, "सूरजभाऊ, जरा बेतानं, स्टेज भाड्यानं आणलंय." अख्खं मैदान हसलं. मी त्याच्या कानाखाली वाजवली. वळून बघतो तर जया तोंडावर ओढणी धरून हसत होती. दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजला गेलो नाही. दुसरं वर्ष अर्ध्यात राहिलं. तुला सांगितलं होतं ना, आबांना शेतात माणूस नाही म्हणून सोडलं? खोटं होतं ते. आबांनी तर एक महिना माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

तरी जयाचे फोन यायचे. मी हसण्याचा विषय काढला नाही, तिनं कॉलेजचा काढला नाही. दसऱ्याला ती म्हणाली, "पुढचं काय आसंल ते आईपुढं येऊन बोल."

आबांचं तुला ठाऊक आहे. "आपली बागायत, आणि सोयरीक डोंगरात? आपल्यातली माणसं मेली का?" धोंडाबाई आत्या उभी राहिली म्हणून निभलं. ती आबांची थोरली बहीण, तिच्यापुढं त्यांचं चालत नाही. म्हणाली, "मी जाते, घर बघते, माणसं बघते. मला पटलं तर तू हो म्हणायचं. तवर तोंड मिटून बस." म्हणजे सगळं त्या एका रविवारवर होतं.

गेल्या रविवारी आत्याला गाडीवर मागं बसवून तळेघरला गेलो. डिंभ्याच्या पुढं थंडी लागली तर आत्यानं मला मागनं धरलं आणि म्हणाली, "आरं, हाडं लागत्यात तुझी." मला किती बरं वाटलं, तुला काय सांगू.

त्यांच्या अंगणात भाताचे भारे रचलेले. जयाची आई लंकाबाई, थोरला भाऊ गोकुळ. वडील नाहीत, गोकुळच सगळं बघतो. पाय धुवायला पाणी दिलं, आत्याची ओटी भरली. गोकुळ चांगला बोलला, बिबट्या, कांदा, पाऊस. मग पानं घेतली. गावठी कोंबड्याचा रस्सा, नाचणीची भाकरी आणि मधोमध भाताचा ढीग, वाफ निघतेय, वरून म्हशीचं तूप. लंकाबाई म्हणाली, "नव्याचा हाय. खळ्यातला पयला."

मी म्हणालो, "मी भात खात नाही."

एवढंच. भरत, एवढंच म्हणालो मी. पथ्य असतं माणसाचं. तू शिकवलंस तेच केलं. आणि तेवढ्यावरनं गोकुळ तांबडा झाला आणि माझं लग्न बोलण्याआधीच मोडलं. मला काय माहीत, आठ दिवसांपूर्वी भात घरात आला होता आणि त्यातला दाणा कुणी तोंडात घातला नव्हता? आधी देवाला, मग पावण्याला, मग घरच्यांनी, अशी त्यांची रीत. लंकाबाई, गोकुळ, जया आठ दिवस जुने तांदूळ खात होते, माझ्यासाठी थांबून. पावण्यानं नवं नाकारलं की घर नाकारलं. हे तुझ्या कागदावर कुठं लिहिलं होतं?

तिथनं एकटा आलो. आत्या आली नाही. माझं ताट लंकाबाईनं उचललं, आत्यापुढं ठेवलं, आणि आत्या दोन्ही ताटं जेवली. मी अंगणात गाडीला किक मारत होतो आणि आतून तिचा आवाज, "आजून वाईच वाढ गं, लई दिसांनी आसा भात." सख्खी आत्या!

सोमवारी सकाळी तुझ्याकडं आलो ते तसाच. बाकी तुला माहीत आहे. वजनाचं मशीन मी मुद्दाम आपटलं. आरसा मुद्दाम नाही, तो डंबेल सुटला.

(हे काल इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. सावळारामला दिलंही होतं. त्याचा टेम्पो चावडीपुढं गेल्यावर पळत जाऊन परत घेतलं. आज शुक्रवार. पुढचं लिहितो.)

मी वर लिहिलंय की एवढंच म्हणालो. एवढंच म्हणालो नव्हतो.

लंकाबाई म्हणाली, "आसू दे, रस्सा तरी खा पोटभर." तेव्हा मी खिशातनं तुझा काटा काढला. बटन दाबलं, वर वाटी ठेवली, एकेक फोड उचलून मोजायला लागलो. दीडशेच्या वर गेली तेव्हा एक फोड परत तिच्या टोपात टाकली. माझ्या वाटीतली, उष्टी नव्हती, पण माझ्या ताटातली. लंकाबाई बघत राहिली. म्हणाली, "काय रं लेकरा, कमी वाढलं का काय म्हून मापतो?" मी हसलो. मला वाटलं जया बघतेय, बघू दे, कसा ताबा आहे माझा माझ्यावर.

गोकुळ म्हणाला, "पावणं, काटा ठिवा. हितं बाजार न्हाय भरला."

आणि मी म्हणालो, "भात गिळून डोंगरात बसलेल्यांनी मला जेवायला शिकवू नये."

असं म्हणालो मी. तिच्या आईच्या चुलीपुढं बसून. पाच दिवस झाले, ते वाक्य कुणापुढं उच्चारलं नव्हतं. आईला सांगितलं नाही. आत्यानं तोंडातनं काढलं नाही, ही तिची मेहरबानी.

जया अंगणात आली होती. मी गाडीवर बसलो होतो. ती म्हणाली, "सात महिने कुणासाठी उपाशी व्हतास?"

मी म्हणालो, "तुझ्यासाठी. तू हसली होतीस."

"कवा?"

"गॅदरिंगला."

तिनं गाडीचं हँडल धरलं. म्हणाली, "आरं येड्या, तू त्याच्या कानफटात मारलीस तवा त्याची टोपी उडून सरांच्या चहात पडली. त्याला हसले मी. सगळी त्यालाच हसली. तू टोपीकडं बघितलं कुठं? तू आपला पळाला." मग म्हणाली, "मला तू जाड व्हतास तवा काय तरास नव्हता. आज झाला." आणि आत गेली. ओरडली नाही. ओरडली असती तर मी पण ओरडलो असतो, म्हणजे जमलं असतं मला.

दादा, अजून एक. तुझा शनिवारचा मेसेज माझ्या मोबाइलात आहे. तू ब्लॉक केलंस तरी तो तिथंच आहे. "उद्या पाहुण्यांत जातोयस. वाढतील ते गपगुमान खा. एका दिवसानं काय पोट सुटत नाही." मी त्याला अंगठा पाठवला होता. म्हणजे तू सांगितलं होतंस. तुझ्यावर ओरडलो कारण माझ्यावर ओरडायला मला जागा नव्हती. लिहून बघितलं, वाचायला बरं वाटत नाही, पण खोडणार नाही.

आत्या मंगळवारी एसटीनं आली. आबांना म्हणाली, "माणसं सोन्यासारखी हाईत. खोट आपल्या नाण्यात हाय." मग मला बाजूला घेऊन लंकाबाईचा निरोप सांगितला. सोमवारी जयाचा मामा जुन्नरकडचं स्थळ घेऊन येतोय. त्याआधी मला बोलायचं असेल तर बोलावं, पण एकटं पोर आलं तर उंबऱ्याच्या आत घेणार नाही. थोरलं माणूस घेऊन यायचं. मी काय बोललो ते त्याच्यासमोर परत बोलायचं, आणि मग पुढचं बोलायचं. नुसतं "चुकलं" चालणार नाही, ते वाक्य तसंच्या तसं म्हणायचं.

आबा येणार नाहीत. त्यांना बरंच झालं. आत्याला म्हणालो, तू चल. ती म्हणाली, "मी तिथं जेवले. मी त्यांच्या बाजूची झाले. तुझ्या बाजूचं माणूस तू बघ."

दोन दिवस मी माझ्या बाजूची माणसं मोजतोय. सोपानची कॉलर धरली. कॉलेजातल्या पोरांचे फोन उचलले नाहीत. चुलत्याशी बांधावरनं भांडून झालं. राहिला कोण, तर ज्याचा आरसा फोडला तो.

कसं बोलायचं ते तुझ्यावर करून बघत होतो. या पत्रात तीनदा "चुकलं" लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा शिवी लिहून झाली. त्या शिव्या खोडल्यात, उजेडात धरल्या तर दिसतील. तिथं कसं जमणार, मला माहीत नाही. तू शेजारी बसलेला असलास तर निदान उठून पळणार नाही मी. तुझं तेवढं वजन आहे.

रविवारी सकाळी सहाला मंचरच्या स्टँडसमोर गाडी घेऊन उभा राहतो. सातपर्यंत थांबेन. सातला निघेन, तू आलास तरी, नाही आलास तरी. एकटा गेलो तर अंगणात बसेन, दुसरं काय. तुझी ती प्रोटीनची बाटली बरोबर आणू नको. अंगाला चिकटणारा टीशर्ट घालू नको, बापासारखा दिसशील असं काहीतरी घाल. तिथं जे वाढतील ते तू पण खायचंस, आणि पुन्हा वाढायला आल्या तर ताटावर हात आडवा धरायचा नाही.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो वेगळा ठेवलाय, सोमवारनंतर बघू.

ज्याला दुसरा थोरला भाऊ नाही, असा तुझा
सूरज