भिकुबाईचा डबा

एरंडोल,
२३ सप्टेंबर १९९४

तीर्थरूप मगननाना यांस,
यशोदाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

मी खुशाल आहे. शाळेतल्या मुलांच्या मनाची विचारपूस करायला सरकारने तुमच्या पुतणीला नेमलं, असं तुम्ही सोनगीरभर सांगता. इथे माझ्या जागेला पोरं ‘येड्यांची खोली’ म्हणतात. खोली तरी कुठली, प्रयोगशाळेत पडदा लावलाय.

आठवीतली भिकुबाई आषाढापासून शाळेत बोलत नाही. मास्तर तिला हट्टी म्हणतात, घरचे गंडे बांधतात. सध्या घरोघर भुलाबाई बसली आहे, गाण्यांनंतर खाऊ ओळखायचा खेळ चालतो, म्हणून मी टेबलावर झाकलेला डबा ठेवला. खाऊ ओळखायला मुलींची झुंबड उडाली. भिकुबाईशी मात्र मी उलटा खेळ मांडला: डबा रिकामा, खाऊ तिच्या मनात, ओळखायचं मी. गोड का, तिखट का, विचारलं. तिखटाला तिने मान डोलावली! मग मनात सलतंय ते घरातलं का, विचारलं, तर नाही. पुढे मान खालीच राहिली. घाई तर करत नाही ना मी, याचीच भीती वाटते.

काकूंना नमस्कार. माया आहे तशीच असू द्या.
आपली,
यशोदा

सोनगीर,
२ ऑक्टोबर १९९४

चि. यशोदास नानाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकूने दोनदा वाचून घेतलं. सगळ्या आळीला सांगत सुटली, आपली पोर सरकारना पगारवर भुलाबाई खेळी राह्यनी शे! हसलो, पण बरं वाटलं. घरात चौथीच्या पुढे गेलेली तू पहिलीच.

एक सांगतो. मी बांधकाम खात्यात रोजंदारीवर होतो. सरकार रस्ता हौसेने काढतं, मग खडी तिथेच पडून राहते. त्या पोरीला शेवटपर्यंत आहे म्हणू नकोस. आज आहे, एवढंच म्हण.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आमची आठवण ठेव.
तुझा,
नाना

एरंडोल,
२९ ऑक्टोबर १९९४

तीर्थरूप नाना यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र आलं, त्याच्या आदल्या दिवशीच मी तिला म्हणून बसले होते की डबा ओळखेपर्यंत मी कुठे जात नाही.

माझी नेमणूक ज्या योजनेत, ती दिवाळीपासून बंद. जळगावला जाऊन साहेबांना भेटले. काम चांगलं झालं म्हणाले, पण मुदतवाढ नाही. माझ्यामागे तिला कोण, असं विचारलं तर वर्गशिक्षक आहेत म्हणाले.

काल शेवटचा दिवस. मी जाणार हे भिकुबाईला सांगितलं. तिने स्वतःच डबा पुढ्यात ओढला, फडकं घातलं. शाळेतलं का, विचारलं. मान होकाराची हलली. इतक्यात शिपाई भटू टेबल न्यायला आला आणि तिची मान पुन्हा खाली. पुढचं मला विचारवेना. खेळात म्हणतात तसं तोंडातून निघून गेलं, हरले.

तेव्हा ती बोलली, नाना. बाई, हरू नका, म्हणाली. आणि डबा छातीशी धरून निघून गेली.

तिच्या गप्प होण्यामागे शाळेतलंच काही आहे, असं मुख्याध्यापकांना सांगितलं. सुट्टीनंतर बघू म्हणाले. मी दर रविवारी तिच्या घरी जाईन म्हणते, पण तिने मान खाली घातली तर कोणत्या नात्याने विचारू?

दिवाळीला येते. चार लोकांत नोकरीचं काढू नका. आशीर्वाद द्याल त्यातला अर्धा तिच्या नावाने द्या.

आपली,
यशोदा