उन्हात वाळवलेल्या सेलांचा सूर

प्रिय दादा,

जयभीम.

तू जाऊन चार महिने झाले, आन् पत्र लिहायला मी आज बसलेय, कारण काल मी भांडले. तू असतास तर मांडीवर थाप मारून हसला असतास. "शके, आता कुणाच्या अंगावर गेलीस?"

पुण्याहून दोघं जण आले होते, आपल्या कामथडीच्या घरी. रॉक वाजवणाऱ्या जुन्या कलाकारांचा रविवारी सत्कार हाय, त्यात तुला जीवनगौरव. शाल वहिनीच्या हाती देणार. राजगडाखाली पाली गावात काढलेला आपल्या गाण्याचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावणार. वहिनी तर हरखूनच गेली! लोकांनी जन्मभर तुला "तो गिटार बडवणारा" म्हटलं. तिला एकदा तुझं नाव नीट, माईकवरनं ऐकायचं होतं.

मग एकानं मोबाईल पुढं केला. "थोडं दुरुस्त केलंय. तुमचं गाणं कुठल्याच पट्टीत बसत नव्हतं. शिवाय फार संथ होतं."

दादा, तुझा आवाज कसला बारीक करून ठेवलाय रे! आन् मी ड्रमवर अशी हात चालवतेय, जणू एसटी सुटायला आलीय!

म्या सांगितलं, "हे लावायचं न्हाई."

"अहो ताई, दोष होता, तो काढला."

दोष! त्यांना काय ठाऊक, तो दोष आपण किती कष्टानं मिळवलाय!

आठवतंय? मामानं आणलेली ती एकुलती एक कॅसेट. आण्णा नवे सेल आणायचे न्हाईत, म्हणून आई संपलेले सेल कौलांवर उन्हात वाळत घालायची, पापडांच्या शेजारी. तापले की थोडा वेळ चालायचे. टेप रखडत, कण्हत फिरायचा, आन् आपल्याला वाटायचं रॉक असंच असतंय. जड. तू गिटारीच्या तारा तेवढ्या ढिल्या केल्यास, मी तेलाच्या डब्यांवर तेवढा सावकाश ठेका धरला. दोन वर्षं!

मग एकदा भोरच्या एसटी स्टँडजवळ, कॅसेटच्या दुकानात तेच गाणं लागलं. "हे पळतायत कशाला?" म्या विचारलं. तू बराच वेळ ऐकत उभा होतास. माझ्या डोळ्यांत पाणी, दोन वर्षं पाण्यात गेली म्हणून. आन् तू काय म्हणालास? "त्यांचे सेल नवे हायत, शके. आपण आपल्या सेलांवर वाजवू."

तेव्हा मला तुझा लई राग आला. तारा चढव, लोक हसतील, म्हटलं तरी तू ऐकलं न्हाईस, म्हणून म्या सहा महिने डब्यांना हात लावला न्हाई. पोरीच्या जातीनं बडवायचं कशाला, म्हणणाऱ्यांचं आयतंच फावलं. तू एकटा वाजवत राहिलास, तेवढ्याच खाली. ते सहा महिने मला परत दे रे!

आन् तुलाही एक विचारायचंय. पालीत तू दर कडव्यानंतर दगडावर बसत होतास. गडावरनं उतरलेली पोरं टाळ्या वाजवत होती, आन् तू मला म्हणालास, "गिटारीचा पट्टा टोचतोय." पट्टा टोचत नव्हता, दादा. दम पुरत नव्हता. सांगायचंस की! मी चिडले असते, रडले असते, पण तुला गाडीत घालून दवाखान्यात नेलं असतं. माझ्यापासनं कधीपासनं लपवायला लागलास?

पण त्या अपुऱ्या दमात तू जो सूर लावलास, तो तुझा हाय. त्याला कुणी हात लावायचा न्हाई!

तर काल वहिनी मला आत घेऊन गेली. "शकूताई, जाऊ द्या. एवढं एकदा नाव होतंय त्यांचं." तिच्यापुढं माझं काय चालणार? म्या म्हटलं, एकदा डोळे मिटून ऐक, मग तू म्हणशील तसं. बाहेर येऊन तिनं ऐकलं. अर्धंच. मग मोबाईल त्याच्या हातात देऊन म्हणाली, "ती शाल ज्याचा हा आवाज हाय त्याला द्या. आमचे मालक असं गात न्हाईत."

अस्सं! आपल्या वहिनीनं, जी कधी आल्यागेल्यापुढं मोठ्यानं बोलली न्हाई!

आज सकाळी फोन आला. व्हिडिओ मुळात होता तसा लावतील, पण निवेदक आधी सांगणार, "तांत्रिक दोषाबद्दल क्षमस्व." म्या व्हय म्हटलं. अगदी गोडीत. तुला माहितीये मी गोडीत कधी बोलते.

तर ऐक. रविवारी तो क्षमा मागायला उभा राहिला की मी जागेवरनं उठणार. माईक घेणार आन् सांगणार, "क्षमा कुणी मागायची न्हाई. ह्यात दोष न्हाई. माझ्या आईनं सेल उन्हात वाळवले होते, त्यांचा हा सूर हाय. हितं बसून नीट ऐका." मग व्हिडिओ लागेल, आन् मी खाली, खुर्चीच्या दांड्यावर, तुझ्याबरोबर ठेका धरीन. सावकाश.

गिटार वहिनीच्या खोलीत भिंतीला हाय. मी जिती हाय तोवर तिची एक तार वर चढणार न्हाई. शब्द देते.

तुझ्या मागं बसून ठेका धरणारी,
शकू