दोन खुर्च्यांची निगा

१ नोव्हेंबर १९५६, एटापल्ली
आजपासून आपण मुंबई राज्यात. ते असो. मुख्य गोष्ट, लिलावात घेतलेल्या दोन खुर्च्या घरी आल्या. अस्सल सागवान, बसायला वेताची वीण. फॉरेस्ट साहेबाच्या बंगल्यापुढे उन्हापावसात वर्षं काढलेल्या. एक जरा डुगडुगते. इंदू खूश. म्हणाली, संध्याकाळी दोघं अंगणात बसत जाऊ. पेन्शनीत माणसाने हेच करावं. पण आधी लाकडाची निगा. लाकूड डेपोत जन्मभर कारकुनी केली, मला कोण शिकवणार?

२ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.
खुर्च्या धुतल्या, सावलीत वाळवल्या, जवसाचं तेल पाजलं. लाकूड अधाशासारखं प्यालं. तेल चकल्यांसाठी होतं हे नंतर कळलं. बाटलीवर तसं लिहिलेलं नव्हतं.

३ नोव्हेंबर
उधईचा, म्हणजे वाळवीचा, बंदोबस्त. खुर्चीचा एकेक पाय रॉकेल भरलेल्या वाटीत ठेवायचा, उधई चढत नाही. घरातल्या आठ पितळी वाट्या बरोबर पुरल्या. योग म्हणायचा. दुपारी शेजारचा सोमाजी आणि त्याची बायको आशाबाई फराळाला आले. इंदू वाट्या शोधत बाहेर आली. मी मेथड समजावली. ती म्हणाली, "माह्या मायनं देलेल्या वाट्या खुर्चीच्या पायाखाली?" पाहुण्यांपुढे आवाज चढवला नाही. म्हणजे पटलं असावं.
सोमाजी खुर्चीत बसायला निघाला होता. तेल मुरायचं आहे म्हणून ओट्यावर बसवलं.

४ नोव्हेंबर
इंदू भाऊबीजेला सिरोंच्याला गेली. दरवर्षी पिशवी नेते, यंदा ट्रंक नेली. थंडीत कपडे जास्त लागतात.

९ नोव्हेंबर
इंदू अजून आली नाही. गोदावरीची हवा तिला मानवते. जवसाचं तेल संपलं, म्हणून मोहाच्या बियांचं लावलं. वास उग्र. होईल सवय.

११ नोव्हेंबर
मुंग्या. शिवाय सोमाजीच्या बकऱ्या येऊन खुर्च्या चाटतात. बांधून ठेव म्हणालो. तो म्हणाला, "मले बसू देत नाई, अन् बकरीले चाटू देता." गेला तो संध्याकाळी आलाच नाही. शांतता बरी असते. वाचन वाढवावं.

१२ नोव्हेंबर
वाचन झालं नाही.

१४ नोव्हेंबर
दव हा लाकडाचा शत्रू. काल दोन्ही खुर्च्यांवर इंदूची जुनी लुगडी घातली. सकाळी आशाबाई रस्त्यावरूनच हाक मारत आली, "आली काय वं इंदुबाई?" मी लुगडं उचलून खुर्ची दाखवली. ती आल्या पावली परत गेली. बायकांना लाकडातलं समजत नाही.

१८ नोव्हेंबर
इंदूचे भाऊ बापूजी सिरोंच्याहून आले. ओट्यावर बसवलं. लाकडाच्या शिरांत तेल कसं मुरतं ते सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "भाऊजी, बाई म्हनते, न्यायले तुमीच या. नाई तं मी इथीच राह्यतो म्हनते." पॉलिशचे दोन हात झाले की येतो म्हणालो. त्यांनी विचारलं, "असंच सांगू काय तिले?" मी हो म्हणालो.
आता वाटतं, दुसरं काही सांगायला हवं होतं.

१९ नोव्हेंबर
वाट्या खुर्च्यांखालून काढल्या, राखेने घासल्या, चिंचेने घासल्या. आज जेवायला भात आणि रॉकेलचं वरण.

२१ नोव्हेंबर
पॉलिश सुकेना. मोहाच्या तेलावर ते धरतच नाही. हात लावला तर बोट चिकटतं. सोमाजी कुंपणाबाहेरून म्हणाला, "आता खुर्चीसंगंच लगन लावून घ्या, गुणवंतराव. तेल तं लागलंच हाये, हळदच राह्यली." मी घरात निघून गेलो.
संध्याकाळी ओट्यावर बसून खुर्च्यांकडे पाहिलं. चकाकतात. संध्याकाळ अलीकडे फार लांबते.

२३ नोव्हेंबर
सिरोंच्याला जायचं ठरवलं. बाईमाणसाने ट्रंक घेऊन बसने एकटं येऊ नये, एवढंच कारण.

२४ नोव्हेंबर, सिरोंचा
इंदू अंगणात खाटेवर तूर निवडत होती. मला बसा म्हणाली नाही. "खुर्च्या कशा हायेत?" म्हणाली. बऱ्या आहेत म्हणालो. बसमध्ये जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एकही वाक्य आठवेना. घरी चल म्हणालो. ती म्हणाली, "काऊन?"
याची तयारी केली नव्हती. तिच्या सुपातले दोन खडे वेचले, मग म्हणालो, करमत नाही. सूप खाली ठेवून आत गेली. वाटलं, संपलं. ती ट्रंक घेऊन बाहेर आली.

२५ नोव्हेंबर, एटापल्ली
बसमधून उतरली ती सरळ खुर्चीत जाऊन बसली. पॉलिश ओलं होतं. मी तोंड उघडलं. तिने पाहिलं. मी मिटलं. मग तिने सोमाजी-आशाबाईला हाक मारली. दुसऱ्या खुर्चीत सोमाजी, ओट्यावर आशाबाई आणि मी. चहा ठेवा म्हणाली. साखर कुठे असते ते विचारावं लागलं. सिरोंच्याच्या गोष्टी दिवेलागणीपर्यंत चालल्या. माझी तेल पाजण्याची हकीगतही एकदा झाली. फार हसले. आवडली असावी.
उठताना लुगडं खुर्चीवरून टर्रकन सुटलं. पाठीच्या फळीवर त्याची वीण उमटली आहे. पुसून पाहिली, निघत नाही. कोणी विचारलंच तर सांगायचं, डिझाइन मुद्दाम काढवून घेतलं.