औंधची गाडी यायची होती

आई, बायकांच्या दारामागच्या खिळ्याला तुझी बॅटरी अजून लटकलेली आहे. उद्या टॉकीजला कुलूप लागेल, मग पाडून दुकानगाळे बांधतील, म्हणून आज ती काढायला गेलो, तर हात पुढं होईना. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं हे तुला ठाऊक नाही, आणि मशीनच्या खोलीत आता मी बसतो हेही नाही. रिळं कधीच गेली. बटण दाबलं की सिनेमा सुरू होतो.

तुझ्या वेळचा एक रविवार मात्र हलत नाही डोळ्यांपुढून. बाराचा खेळ. पुढच्या रांगांतून शिट्ट्या चालल्यात आणि तू दारात उभी. औंधची एसटी आल्याशिवाय तू ऑपरेटरकाकांना सुरू करू देत नाहीस. मी नववीत, मित्रांना घेऊन आलेला. तावातावानं तुझ्याकडं येतो, "चार बायकांसाठी सगळ्यांनी ताटकळायचं व्हय?" तू माझा कान धरतेस. "तुला ग्राउंड हाय, मित्राच्या घरचा टीव्ही हाय. त्या बाईला महिन्यातनं हे तीन तास हायती. हितं तिला कुणी पाणी मागत न्हाई. बस गप." मग गाडी येते. बायका पदरानं घाम पुसत पायऱ्या चढतात, कुणी तुझ्या हातात शेंगा कोंबते, कुणी झोपलेलं पोर देते. पायाशी उजेड पाडत तू एकेकीला खुर्चीपर्यंत नेतेस, आणि सगळ्या बसल्या की मागं वळून बॅटरी दोनदा चमकवतेस. तो काकांना इशारा. आता हायवेला मल्टिप्लेक्स झालंय. तिथं खेळ घड्याळावर सुरू होतो, आणि औंधच्या बायका तिथं जात नाहीत.

एक मुलगी आहे. औंधचीच, इथं साताऱ्यात नर्सिंग शिकते. तिला पाहिल्याशिवाय माझा दिवस उगवत नाही, हे तुला सांगायला लाज कसली. घरी तिला स्थळं बघतायत. ती म्हणाली, "शेवटच्या रविवारी आईला खेळाला आणते. तुला कामात बघू दे. मग मी बोलते." आणि शनिवारी फोनवर म्हणते, "आई विचारतीया, टॉकीज पाडल्यावर पोरगा करणार काय?" माझं डोकं फिरलं. प्रश्न खरा होता, म्हणूनच फिरलं. मी फोन ठेवून दिला.

रविवारी हॉलमध्ये मूठभर माणसं. बारा वाजले आणि मी बटण दाबलं. तासाभरानं जिन्याच्या खिडकीतून खाली पाहिलं, तर पायऱ्यांवर ती आणि तिची आई. दारावरचे मामा म्हणत होते, "सुरू झालंय खरं, पण बसा की. सगळं रिकामंच हाय." तिची आई चपलेतला खडा झटकत म्हणाली, "ऱ्हाऊ दे आवं. पयलं हितं एक बाई असायच्या. आमची गाडी आल्याबिगार त्या खेळ सुरू करू देत नव्हत्या."

त्या बाईंचा मुलगा मी, एवढं सांगायला खाली उतरायचं होतं. चौदा पायऱ्या. मी उतरलो नाही. दोघी स्टँडकडं चालत गेल्या, ती एकदाच मागं वळली. गुरुवारी तिचं कराडला ठरलं.

तिनं फोन करून एवढंच विचारलं, "थांबला का न्हाईस रं?" मी म्हणालो, मशीनच्या खोलीत रेंज नसते, तुझा मेसेज नंतर दिसला. मामांनाही तेच सांगितलं. हा कागद त्या खिळ्यालाच अडकवून येतो, भिंतीबरोबर जाईल.

आई, बाराला पाच कमी असताना मी तिचा मेसेज वाचला होता. गाडी रहिमतपूरला बंद पडलीय, थांब.